घूंच्या मागावर

नागपुरात भाड्याची खोली शोधायला निघालं की पहिला प्रश्न आडनावाचा येतो. सरळ कुणी विचारत नाही. "गाव कोणतं?" "घरचे काय करतात?" "देव्हारा कुठे ठेवाल?" असं चहाच्या कपाभोवती फिरत फिरत माणूस आडनावापाशी पोचतो. माझं आडनाव ऐकलं की त्या खोलीत एकाएकी घरमालकाचा पुतण्या राहायला येणार असतो. त्या उन्हाळ्यात हुडकेश्वरकडच्या लेआउटांमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांमध्ये, इतके पुतणे येणार होते की त्यांच्यासाठी एक वेगळा लेआउट पाडावा लागला असता.

आडनाव न विचारणारे घरमालक ते एकटेच निघाले. त्यांनी दार उघडलं, मला एकदा पाहिलं आणि हात पुढे केला.

"चार्जर दाखव."

"काय?"

"मोबाइलचा चार्जर वं. आणला नाही का?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो व्हरांड्यातल्या प्लगमध्ये खोचला, खिशातून हाताएवढा जुना रेडिओ काढला, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी आणला आणि रेडिओ चार्जरपाशी नेला. रेडिओ नुसताच मंद सळसळत राहिला. त्यांनी मान डोलावली.

माझ्या आधी एक मुलगा येऊन गेला होता. चांगल्या घरचा, चांगल्या नोकरीचा. त्याचा चार्जर लावताच रेडिओ तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडला होता.

"असा चार्जर घरात आला का माह्या सगळ्या लाइनीत घाण करते," ते म्हणाले. "त्याले म्हटलं, तू चांगला असशीन, तुहा चार्जर बेइमान हाय."

"आणि मी?"

"तुहं मले काय माहीत? चार्जर ठीक हाय. सामान आण."

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मोर्चाची, सभेची, निषेधाची. मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावरच. समतेवर माझं बरंच वाचन झालेलं होतं, पण माणसाला त्याच्या चार्जरवरून पारखणारी समता मी तिथे पहिल्यांदा पाहिली. सामान आणलं.

लेआउटमधली पोरं त्यांना घूंकाका म्हणायची. आधी मागून म्हणायची, मग तोंडावर म्हणू लागली. काकांना त्यात अपमान वाटला नाही, उलट हुद्दा मिळाल्यासारखं वाटलं. घूं म्हणजे लाउडस्पीकरमधून कुणी बोलत नसतानाही येणारा तो घुमता आवाज. तुम्हाआम्हाला तो ऐकूच येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला असतो. काकांना मात्र तो दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा. जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनींना कान लावून बसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर खात्याने कान परत मागितले नाहीत, आणि मग नागपुरातली कुठलीच सभा, लग्न, भजन, वर्धापनदिन त्यांच्यापासून सुरक्षित राहिला नाही.

ते बिनबोलावता जायचे. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत टेस्टर, पेचकस, थ्री-पिन प्लग, काळी टेप आणि एक जाडजूड एक्स्टेन्शन बोर्ड. तो त्यांनी स्वतः जोडलेला होता आणि त्याच्याबद्दल ते नातवाबद्दल बोलावं तसं बोलायचे. नम्रपणाशी त्यांचा संबंध नव्हता. "या शहरात माह्याएवढा कान कोणाले नाही," हे ते ओळख करून देताना नावाआधी सांगायचे.

घरात राज्य घूंचं, आणि घूंच्या विरोधी पक्षात काकू. काका व्हरांड्यात हेडफोन लावून काही ऐकत बसले, की नेमका त्याच वेळी काकूंना चटणी वाटायची असायची. आतून मिक्सर घरघरला की बाहेरून काका ओरडायचे, "बंद कर! बंद कर! कान फाटला!"

"वाटू नको तं काय दगडानं ठेचू?"

"थोडं थांब ना!"

"बरं. जेवाले बसाल तेव्हा चटणीच्या जागी तुमची शांतता वाढते."

मिक्सर थांबायचा. काका हेडफोन पुन्हा चढवायचे. काकूंना बरोब्बर कळायचं की आता त्यांचं चित्त लागलं असेल, आणि मिक्सर पुन्हा सुरू व्हायचा. मी तिथे राहिले तेवढ्या काळात या भांडणात कुणी हरलं नाही आणि सुट्टीही घेतली नाही.

काकांची रीत एकच होती. कुठल्याही मांडवात गेले की म्हणायचे, "सगळे चूप." मग माइक चालू करायचा, समोर कुणी उभं राहायचं नाही आणि आवाज वाढवत न्यायचा. काही न बोलता जे ऐकू येतं ते ऐकायचं. "बोलणं तं कोणीबी करते," ते म्हणायचे. "चूप असताना यंत्र काय बोलते ते पाहा. माणसाचंबी तसंच हाय." ही परीक्षा ते माणसांवरही वापरायचे. नवीन पाहुणा आला की समोर बसून त्याच्याकडे बघत राहायचे, अवाक्षर न काढता. बिचारा घाबरून आपल्या घरातली सगळी भांडणं सांगून टाकायचा.

काकूंच्या भाचीचं लग्न धरमपेठेत होतं. संध्याकाळचा मुहूर्त, झगमगाट केलेला हॉल. काका आहेर हातात घेऊन दारातच थांबले. "ऐकून राहिली का?" त्यांनी मला विचारलं. मला काकूंनी मुद्दाम सोबत आणलं होतं, यांना धरून ठेवायला. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "लाइटिंगच्या डिमरची घूं हाय. माइकच्या वायरीसोबत लाइटिंगची वायर बांधली गाढवानं." आणि मी धरायच्या आत ते स्टेजमागे गेले.

दिव्यांच्या सगळ्या माळा विझल्या. नवरी अर्ध्या अंधारात उभी राहिली. पण आवाज असा काही स्वच्छ झाला की भटजींच्या घशातला कफसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. आणि नेमकी त्याच वेळी मंगलाष्टक म्हणायला उभी राहिली काकांची मेहुणी. ती प्रत्येक लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणते. आजवरच्या सगळ्या लग्नांत घूं आणि गोंगाटात ती वाहून गेली होती, आणि "मावशी छान लिहितात हो" अशी तिची कीर्ती होती. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक शब्द ऐकू आला. जावयाच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ यमकात बसवलेलं होतं. हसू दाबायला लोकांनी अक्षतांच्या मुठी तोंडावर धरल्या.

मेहुणी तेव्हापासून काकांशी बोलत नाही. काकांचं म्हणणं, यात त्यांचा काय दोष? "मी तं फक्त साफ केलं. घूंनं त्या कवितेची इज्जत राखली होती हे मले काय माहीत?"

ते कधी चुकत नसत असं नाही. एका व्याख्यानमालेत त्यांनी असाच घूंचा माग काढला, व्याख्यान थांबवलं, साउंडचा मिक्सर उघडला, वायरी एकेक करून सोडवल्या. घूं जाईना. काका घामाघूम. शेवटी कुणीतरी अध्यक्षांना हलवून उठवलं आणि घूं थांबली. अध्यक्षांच्या सदऱ्याला माइक लावलेला होता आणि ते मनापासून घोरत होते. काका तिथेही हरले नाहीत. "मोटरच होती," ते म्हणाले, "फक्त जिवंत होती."

मी त्यांच्यावर चिडायचे ती वेगळ्या कारणासाठी. आमचा सात-आठ पोरापोरींचा गट होता. चौकसभा घ्यायचो, पत्रकं काढायचो. एकदा पानठेल्यावरून लाइट घेऊन मी भाषण करत होते. भाषण रंगात आलं होतं. मी मूठ वर उचलली आणि माझा आवाज गेला. मागे वळून पाहिलं तर हातात प्लग घेतलेले काका.

"काका! काहून काढला?"

"तू चांगली बोलून राहिली होती. पण तुह्यासोबत पानठेल्याची ट्यूबलाइटबी बोलून राहिली होती. दोघींतून कोणाले ऐकावं माणसानं?"

"मग मी अजून जोरात बोलले असते!"

"हेच तं चुकते तुमचं. आवाज वाढवला का घूंबी तेवढीच वाढते." त्यांनी तिथेच फुटपाथवर बसून वायर सोडवली आणि शिकवणी घेतली. माइकची वायर आणि लाइटची वायर शेजारी शेजारी झोपवायची नाही. भेटायचंच असेल तर काटकोनात भेटायचं आणि आपापल्या वाटेनं निघून जायचं. "मी अन् माहा साळा जसे भेटतो." आणि सगळ्यात मोठा नियम, जो त्यांनी बोट नाचवून सांगितला: साउंडच्या बोर्डावर मोटर लावायची नाही. कूलर नाही, मिक्सर नाही, फ्रिज नाही. "मोटर म्हणजे दारुड्या. एका पंगतीत बसवला का सगळ्यांचं जेवण गेलं."

लेआउटचा साउंडवाला मंगेश, दोन पोरांचा बाप, पोट सुटलेला गृहस्थ, काका दिसले की गाडीच्या मागे लपायचा. कारण तो घूं मारायला प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकायचा. अशी कापलेली पिन पाहिली की काका पांढरेफटक पडायचे. "घूं जाते ना काका त्यानं," मंगेश म्हणायचा. "घूं जाते. एखाद्या दिवशी माइक धरून उभा असलेला माणूसबी जाते," काका म्हणायचे, आणि पिशवीतून नवीन प्लग काढून तिथेच बसवून द्यायचे. शिव्या देत द्यायचे.

मी म्हणायचे, तुम्ही कुणाचंही साउंड नीट करता. आज आमचं, उद्या त्यांचं, ज्यांच्याविरुद्ध आम्ही ओरडतो. तुम्हाला काही बाजू आहे की नाही?

"घूंले पक्ष नसते वं."

"माणसाला तर असतो ना! तुम्ही वाईट लोकांचा आवाज स्वच्छ करून देता."

"वाईट माणूस तं साफच ऐकू आला पाहिजे," ते शांतपणे म्हणाले. "गोंधळात तोबी भला वाटते. आठव, माही मेहुणी."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाजू न घेणारा माणूस मला भित्रा वाटायचा, आणि हा माणूस तर कशालाच भीत नव्हता. मला तो कुठल्याच चौकटीत बसवता येईना.

मग अभ्यासिकेचं प्रकरण आलं.

लेआउटच्या मधोमध एक मोकळी जागा होती, नकाशात सार्वजनिक वापरासाठी ठेवलेली. तिथे लोकांनी श्रमदानाने टिनाची एक अभ्यासिका उभी केली होती. किल्ली वंदनाताईंकडे. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. घर एका खोलीचं, त्यात शिलाई मशीन, सासू आणि दोन मुली. मोठी त्या टिनाखाली बसून परीक्षा पास झाली आणि नोकरीला लागली. धाकटीची परीक्षा तोंडावर होती. तिला आणि तिच्यासारख्या पुष्कळांना अभ्यासाला दुसरी जागा नव्हती. आणि त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचा प्रस्ताव आला. हरकती ऐकायला एका कार्यालयाने सुनावणी ठेवली. कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी कार्यालयं एकमेकांसारखीच दिसतात.

सुनावणीला काका सोडून सगळा लेआउट गेला. वंदनाताई बोलल्या, मी बोलले, पोरं बोलली. नंतर इतिवृत्त हातात पडलं. हरकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे एकच वाक्य होतं: ध्वनिमुद्रण अस्पष्ट असल्याने म्हणणे नोंदवता आले नाही. गाळ्यांच्या बाजूने बोललेल्या एकाच गृहस्थांचं म्हणणं शब्द न् शब्द आलं होतं. ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलापाशी, रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपला चिकटून बसले होते.

"मी अस्पष्ट?" वंदनाताई म्हणाल्या. "म्या हाक मारली तं चौकातले कुत्रे उठून पळतात. मी अस्पष्ट?"

आम्ही त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसलो तेव्हा पुन्हा सुनावणी घ्यायचं कबूल झालं. ही शेवटची. यातही म्हणणं नोंदलं गेलं नाही तर कागदावर आमची हरकतच नव्हती असं ठरणार होतं, आणि अभ्यासिकेचं टिन उतरणार होतं.

मी पेटून पत्रक लिहिलं. मथळा: आम्ही अस्पष्ट नाही! व्हरांड्यात काकांना वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "उद्गारचिन्हं कमी कर. मागंच सांगितलं होतं, आवाज वाढवला का घूंबी वाढते."

"काका, तुम्हाला फक्त घूं पडली आहे! तिथे वंदनाताईंचा माइक बंद केला त्यांनी!"

"घूंसाठी बंद केला असंन."

"नाही. ताईंनी विचारलं, हे गाळे कुणाला मिळणार आहेत. साहेबांनी भुवई उचलली आणि भिंतीपाशी उभ्या शिपायाने बटण दाबलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

काका थांबले. "चालू माइक?"

"हो."

"काही खराबी नसताना?"

"नसताना."

"माणूस बोलून राहिला असताना?"

"हो म्हणते ना!"

त्यांनी टेस्टर पिशवीतून काढला, पुसला, परत ठेवला. आतून मिक्सर सुरू झाला तरी त्यांना समजलं नाही असं मला वाटलं. पण नाही, समजलं. "बंद कर!" ते ओरडले. मग मला म्हणाले, "मले तुमच्या मोर्च्याशी घेणंदेणं नाही. पण त्या हॉलची घूं मले पाहू दे."

भर मे महिना. हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या हात लावता येणार नाहीत इतक्या तापलेल्या. साहेबांच्या टेबलामागे मात्र एक भलामोठा कूलर, ओल्या वाळ्याचा वास सोडणारा, ज्याची हवा पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचायची नाही. साउंड मंगेशचंच होतं. काकांना पाहून तो गाडीकडे निघाला, पण काकांनी त्याला कॉलरने धरून आणला.

"सगळे चूप."

लोक गप्प झाले. माइक उघडा, समोर कुणी नाही. आवाज वाढत गेला आणि आली. मलाही ऐकू आली. घूंऽऽऽ. पोटातून निघाल्यासारखी. काकांच्या चेहऱ्यावर जुना दोस्त भेटल्याचा आनंद पसरला.

साहेबांचा मदतनीस धावत आला. "ओ, कोण तुम्ही? काय चाललंय हे?"

"तुमच्या साहेबांचा आवाज साफ करून राहिलो."

"साहेबांचा?"

"मागच्या रेकॉर्डिंगमध्ये साहेब कसे वाटले? डब्यात बसून बोलल्यावानी. मोठ्या माणसाले शोभते का?"

मदतनिसाने खुर्ची आणून दिली. काकांनी मग सगळ्यांना समजावून सांगितलं. साउंडला लाइट या भिंतीवरून, लॅपटॉपला त्या भिंतीवरून. दोन भिंतींचं दोन तऱ्हेचं अर्थिंग, आणि मधून आवाजाची वायर गेली की त्या सगळ्यांचा मिळून एक घेर बनतो. त्या घेरात घूं फिरते. "इलाज एकच. घेर तोडा. सगळ्यांनी एकाच बोर्डावर या." त्यांनी पिशवीतून तो लाडका एक्स्टेन्शन बोर्ड काढला, शिपाई उभा राहायचा त्याच भिंतीतल्या, त्याच्या हाताखालच्या बटणाच्याच प्लगमध्ये लावला, आणि मंगेशचा अॅम्प्लिफायर, मिक्सर, साहेबांचा लॅपटॉप, सगळं त्यावर आणलं. पुन्हा "सगळे चूप." माइक उघडला. काहीच नाही. हॉलबाहेरच्या झाडावरचा एक कावळा तेवढा माइकमधून ऐकू आला.

मी टाळ्या वाजवणार तोच काका वाकले. त्यांनी कूलरचा प्लग मागच्या भिंतीतून काढला आणि आपल्या बोर्डावर लावला.

मला वाटलं, उन्हाने यांचं डोकं फिरलं. मी बाही ओढली. "काका! मोटर!"

"चूप बस वं."

"पण तुम्हीच सांगितलं..."

"कोण शिकवून राहिलं, मी का तू?" आणि मग मदतनिसाकडे वळून मोठ्याने, "साहेबांच्या कूलरलेबी साफ लाइन पाहिजे ना! आता पाहा कसा थंड वारा देते."

स्पीकरमध्ये अगदी बारीक, दूर कुठेतरी, घरघर आली होती. मी काकांकडे पाहिलं. एवढ्याशा घरघरीसाठी भाचीच्या लग्नात अंधार करणारा माणूस शेवटच्या रांगेत जाऊन, हाताची घडी घालून बसला.

साहेब आले. सुनावणी सुरू झाली. वंदनाताई माइकसमोर आल्या. धाकट्या मुलीने त्यांना मुद्दे लिहून दिले होते, ते त्यांनी पदराखाली धरले आणि पाहिलेच नाहीत. टिन कसं घातलं, कुणी किती विटा वाहिल्या, कोण पोर तिथे बसून कुठे लागलं, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता मले एक सांगा साहेब. हे गाळे कोणाच्या नावानं..."

साहेबांनी भुवई उचलली. शिपायाने बटण दाबलं.

माइक गेला. आणि साहेबांच्या मागे कूलर एक उसासा टाकून थांबला.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग साहेबांनी मान वळवली. कपाळावर घाम दिसू लागला. ते शिपायाला हलक्या आवाजात म्हणाले, "कूलर का बंद आहे? कृपया सुरू करा." शिपाई कूलरजवळ गेला, त्याचा खटका खालीवर केला, त्याच्या पाठीवर थाप मारली. काही नाही. घाबरून त्याने भिंतीवरचं बटण परत दाबलं. कूलर फडफडला आणि वंदनाताईंचा आवाज छताला आदळला, "...कोणाच्या नावानं निघणार आहेत?"

लोक हसले. साहेबांनी पुन्हा भुवई उचलली. शिपायाने बिचाऱ्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा माइक गेला, पुन्हा कूलर गेला. आता शिपायाला कळलं. तो एकदा साहेबांच्या भुवईकडे बघे, एकदा कूलरकडे, आणि बटण दाबावं की सोडावं हेच त्याला ठरवता येईना. नोकरीच्या नियमात असा प्रसंग कुठेच लिहिलेला नव्हता.

साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. शिपायाने घाबरून बटण पुन्हा चालू केलं खरं, पण कूलरच्या आधी साहेबांसमोरचा माइक जागा झाला, आणि नेमकं त्याच क्षणी साहेबांची कार्यालयीन भाषा संपली.

"अबे कूलर चालू कर ना बे!"

सगळ्या हॉलने ऐकलं. लॅपटॉपनेही ऐकलं. इतक्या स्पष्ट आवाजात त्या कार्यालयात कुणी कधी बोललं नसेल.

यानंतर साहेबांनी भुवई उचलली नाही. हाताने नुसती खूण केली, बोलू द्या. वंदनाताई बोलल्या, मी बोलले, पोरं बोलली, मंगेशसुद्धा बोलला. कूलर शेवटपर्यंत चालला. मी मागे वळून काकांना शोधलं. ते डोळे मिटून बसले होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मला वाटलं, अध्यक्षांसारखे झोपले.

या वेळच्या इतिवृत्तात कुणीही अस्पष्ट नव्हतं. सगळ्यांचं सगळं म्हणणं होतं, वंदनाताईंचा प्रश्न होता, आणि त्याच्यापुढे उत्तराची जागा कोरी होती. ती कोरी जागा मी पत्रकात जशीच्या तशी छापली, एकही उद्गारचिन्ह न घालता. प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. फेरविचार अजून चालू आहे. टिन जागेवर आहे, धाकटी त्याच टिनाखाली बसून पास झाली आणि किल्ली वंदनाताईंच्या कमरेला आहे.

मी ती खोली सोडायच्या थोडं आधी आम्हाला रेकॉर्डिंगची प्रत मिळाली. भर दुपारी काकांना व्हरांड्यात नेऊन दिली. त्यांनी हेडफोन चढवले. मी समोर बसून त्यांचा चेहरा पाहत राहिले. मला माहीत होतं तिथे काय आहे. मी ऐकलं होतं. सगळ्यांच्या बोलण्याखाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक बारीक घरघर.

"घूं आहे ना काका?" मी शेवटी विचारलं.

"हाय ना. साहेबाचा कूलर हाय तो."

"काढता येईल?"

"मले विचारते? या शहरात माह्याएवढा..." ते थांबले. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. दोन माणसांच्या बोलण्यामधली रिकामी जागा शोधली, जिथे कुणीच बोलत नव्हतं, आणि आवाज वाढवला. तीच त्यांची परीक्षा, चूप असताना काय ऐकू येतं त्याची. हेडफोनमधून ती घरघर माझ्यापर्यंत आली. काकांनी मान खुर्चीला टेकली.

"घूंला पक्ष नसतो म्हणे," मी म्हटलं.

"घूंले नसतेच," काका म्हणाले. "राहू दे तिले. चांगली हाय."

त्याच वेळी, अचूक साधून, आतून काकूंनी मिक्सर लावला. सगळं घर घरघरू लागलं. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत. काकांनी "बंद कर!" म्हटलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले, ओठांवर हसू.

मिक्सर थोडा वेळ चालला. मग थोडा अडखळला. मग आपणहून थांबला, आणि काकू हातातल्या ओल्या चटणीसकट दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकांच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावून पाहिली.

"काहो," त्या म्हणाल्या, "तब्येत तं बरी हाय ना तुमची?"